विलायतेत जेवायचं कुठं

परभणीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी शाळेच्या शिपायाने मला जेवायची जागा दाखवली आणि जाता जाता एक सूचना केली. म्हणाला, जेवण झालं की हात धुवायचा आणि निघायचं, कसं झालं होतं ते सांगत बसायचं नाही.

स्टेशनजवळ कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड होती. पाटी नव्हती. आत चार लांब बाकं, मागे मातीच्या दोन चुली, आणि चुलीशी पळी धरून उभा असलेला पंचावन्न-साठीचा एक उंच, वाळका माणूस. हा हैबतीमामा. जिंतूरकडचा धनगर. तो गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत नसे, हाताकडे बघे. रश्शात अख्खी भाकरी एकदम कुस्करणाऱ्याकडे तो असा बघायचा की त्या माणसाचा हात ताटातच थबकायचा. एकाने लिंबू मागितलं, तर म्हणाला, "कामून? मपल्या रश्शात काय मेलंय?" एका व्यापाऱ्याने बोटं चाटत चाटत फार छान झालंय असं सांगितलं. मामाने त्याच्यासमोरचं ताट उचललं आणि सांगितलं की आज मीठ जास्त झालेलं आहे, ते ज्याला कळत नाही त्याने छान म्हणू नये. व्यापारी दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. सगळेच येत. परभणीत तसा रस्सा दुसरीकडे मिळत नव्हता, आणि ही गोष्ट मामाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

त्याला गावात विलायती हैबती म्हणत. सुरुवातीला मला वाटलं, हे चेष्टेचं नाव असेल. पण तो खरोखर विलायतेत राहून आला होता. त्याच्या गावच्या जागीरदाराच्या मुदपाकखान्यात तो लहानपणी बोकडं घेऊन जायचा. तिथल्या बावर्चीच्या हाताखाली राहून तो शिकला आणि पुढे स्वतःच बावर्ची झाला. लढाईच्या आधी जागीरदाराच्या छातीचं दुखणं बळावलं. हैदराबादच्या डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली, आणि जागीरदारसरकारांना मुंबईची हवा कमीपणाची वाटली असावी. ते बोटीने थेट विलायतेला गेले. सोबत एक खानसामा आणि एक हैबती. समुद्रकाठच्या एका गावात टेकडीवर भाड्याचं घर घेऊन ही मंडळी अकरा महिने राहिली. त्या गावाला मामा हेस्टिंग म्हणे. पुढे जागीरदार वारले, पोलीस ॲक्शन झाली, जागिरी गेल्या. हैबतीमामा एक मोठं पातेलं आणि दोन पळ्या घेऊन परभणीला आला आणि शेड घालून बसला.

आमच्या शाळेत आम्ही अकरा मास्तर होतो. औरंगाबाद, फार तर हैदराबाद, एवढीच आमची पृथ्वी. मी उर्दूतून इंग्रजी शिकलो होतो आणि आता मराठीतून ते शिकवत होतो. आयुष्यात एक इंग्रज पाहिला, तोही मनमाडच्या फलाटावर, पाठमोरा. त्यामुळे दुपारच्या जेवणाला शेडमध्ये बसलो की आमच्यातला कोणीतरी हटकून विचारायचा, "मामा, तिथं लोक जेवायला कुठं जातात?"

हा प्रश्न मामाला आवडायचा. तो पळी चुलीवर आडवी ठेवायचा आणि सगळं गाव आमच्यापुढे मांडायचा. समुद्राला लागून लांब रस्ता. रस्त्यावर काचेच्या पडवीचं मोठं हॉटेल. "तिथं गड्डाकोबी शिजतो. सकाळी घातलेला दुपारपत्तुर शिजतो. पानी पिवळं झालं की पानी गटारात वततेत अन् कोबी वाढतेत. जे खायाचं ते फेकून देतेत." त्या हॉटेलाच्या पलीकडे, वळणावर, चहाचं दुकान. चिनीमातीच्या तीन मजली ताटलीत केक मांडलेले. सोमवारचा केक शनिवारीही त्याच जागी दिसे, हे त्याने पाहून ठेवलं होतं. चर्चच्या मागच्या बोळात मासे तळणारा. मासा पिठात लोळवायचा, चरबीत सोडायचा, कागदात गुंडाळायचा आणि मग वरून मीठ आणि सिरका. "वरून," असं तो दोनदा म्हणे. मिठाला आत शिरायला वेळ लागतो हे ज्या मुलखाला कळलं नाही त्या मुलखाने आपल्यावर राज्य केलं, याचा त्याला मनापासून राग होता. मटणासोबत ते पुदिना देत, आणि त्या पुदिन्यात साखर. समुद्राच्या कडेला गाड्यावर शंखातले किडे मिळत, ते टाचणीने उचकून खायचे. "टाचनी," मामा म्हणे, "कापडं शिवायची."

त्याची तुच्छता मोठी नेमकी होती. कोणत्या दाराला कोणता वास, कोणत्या खिडकीत कोणतं ताट, हे त्याला बावीस-तेवीस वर्षांनीही पाठ होतं. आम्ही पोट धरून हसायचो आणि मग एकमेकांना सांगायचो की म्हातारा थापा मारतो. आमच्यातले तीन-चारजण तर असे होते की मामाकडून ऐकलेलं हेस्टिंग आपल्या सासुरवाडीला जाऊन स्वतः पाहिल्यासारखं सांगत. मीही सांगितलेलं आहे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्यानंतर पश्चिमेकडून नवे अधिकारी यायला लागले. आमचं मराठी ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी विसरलेलो नाही. शिक्षणखात्याचे असेच एक साहेब शाळेच्या तपासणीला आले. हेडमास्तरांनी शाळेच्या व्हरांड्यात जेवण ठेवलं आणि स्वयंपाकाला हैबतीमामाला बोलावलं. शाळेच्या वसतिगृहाचा स्वयंपाकही तेव्हा त्याच्याकडेच होता, त्यामुळे त्याला बोलावण्यात विशेष काही नव्हतं.

साहेबांनी दोनदा मटण मागून घेतलं आणि मग ते विलायतेवर बोलायला लागले. तीन महिने कसल्याशा अभ्यासासाठी जाऊन आले होते. आम्ही अकराजण ताटात हात वाळवत ऐकत होतो. बोलता बोलता त्यांनी हेस्टिंग्जचं नाव घेतलं. तिथे ते आठवडाभर राहिले होते म्हणे. काय समुद्र, काय किनारा. सोनेरी, मऊ वाळू, तिच्यावरून ते रोज सकाळी अनवाणी मैलभर फिरत.

मामा रस्सा वाढत होता. त्याने पळी थांबवली.

"कोन्तं गाव म्हनलाव साहेब?"

साहेबांनी नाव पुन्हा सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं.

"तिथं वाळू न्हाई," मामा म्हणाला. "गोटे हायत. मुठीएवढे. पानी लय मागं सरलं तर खाली काळपट वाळू दिसती जराशी. अनवानी कोन चालंल? पाय फुटतेत."

साहेब हसले. तुम्ही केव्हा गेला होता, असं त्यांनी विचारलं, आणि हेडमास्तर हसले म्हणून आम्हीही हसलो. मामाला आमच्या हसण्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तो माझ्याकडे वळला. म्हणाला, मास्तर, तुमी इंग्रजी शिकवताव, पुस्तकात बगा अन् साहेबाला सांगा. मी बघून सांगतो असं पुटपुटलो आणि भातात बोटं घातली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ग्रंथालयात खरंच पाहिलं. भूगोलाचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात त्या किनाऱ्याचं चित्र होतं. गोटेच होते. गोट्यांवर ओढून ठेवलेल्या होड्या होत्या, मागे जाळी ठेवायच्या काळ्या लाकडी, उंच उंच खोपट्या होत्या. साहेब अजून गावातच होते, विश्रामगृहात. मी पुस्तक मिटलं आणि जिथून काढलं होतं तिथे ठेवून दिलं.

पंधरा दिवसांत वसतिगृहाचा स्वयंपाक मामाकडून काढून दुसऱ्याला दिला गेला. मग शेडबद्दल नगरपालिकेचा एक कागद आला. धूर, सांडपाणी, आगीचा धोका. हे सगळं खरं होतं, पण आधीही खरंच होतं. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं आणि मामाला निरोप द्यायला सांगितलं. साहेबांना जाऊन भेटायचं आणि वय झालं, आठवत नाही, चुकून बोलून गेलो, एवढंच म्हणायचं. पुढचं हेडमास्तर पाहतील. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. त्याला सगळ्यांचं भलं करायचं होतं, फक्त कोणासमोर उभं न राहता.

मी निरोप सांगितला. मामा कांदा चिरत होता, चिरतच राहिला.

"गोटे हायत तर वाळू कशी म्हनू?"

मी त्याला म्हणालो की कशाला हट्ट करता, तुमची शेड जाईल. आणि मग, का कोण जाणे, मी त्याला पुस्तकाचं सांगून टाकलं. चित्र पाहिलं, तुमचंच खरं आहे, पण मी कोणाला बोललो नाही. मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच हाताकडे न पाहता तोंडाकडे पाहिलं.

"पुस्तकात हायत म्हनून गोटे हायत व्हय?" तो म्हणाला. "ते हायतच. तुमी सांगा न्हाईतर नका सांगू."

त्यानंतर तो मला वाढायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. मी रोज जात राहिलो. दुसरीकडे जायची लाज वाटत होती आणि तिथे बसायचीही.

याच सुमारास शांता नावाची एक नर्स माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायला लागली. ती परभणीजवळच्या पिंगळी गावची, मजुरी करणाऱ्या घरातली. परभणीच्या दवाखान्यात नोकरी करत होती आणि नर्सचं पुढचं शिक्षण घ्यायला तिची विलायतेला जायची निवड झाली होती. इस्पितळाचं गाव तिने मला कागदावर दाखवलं तेव्हा मी दोनदा वाचलं. ते हेस्टिंग्जच होतं. आमच्या अकरा जणांत कोणाला मिळाली नव्हती ती संधी पिंगळीच्या मुलीला मिळाली, याचा स्टाफरूममध्ये जो विषाद झाला तो मी इथे लिहीत नाही. तिला मात्र एकच काळजी होती. इस्पितळात काय वाढतील ते तिला माहीत नव्हतं. काय खाऊ, कुठं खाऊ, गुरुजी, असं ती दर धड्याच्या शेवटी विचारायची.

शेवटी मी तिला मामाकडे घेऊन गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. तिने वाकून नमस्कार केला आणि कुठे चाललेय ते सांगितलं. मामाने तिला आपादमस्तक पाहिलं.

"कामून जातीस?" तो म्हणाला. "तिथं मानसं आजारी पडतेत ती तिथलंच खाऊन. तू काय करनार?"

तरी दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच निरोप पाठवला की पोरीला आना अन् कागद आना. पाच-सहा दुपारी हे चाललं. तो सांगायचा, मी लिहायचो, शांता बाकावर बसून ऐकायची. समुद्रावरून वर जाणारा कोणता रस्ता धरायचा, दोराने टेकडीवर ओढल्या जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात कुठून बसायचं, कोणत्या दुकानाची पावरोटी बरी. मी इतके दिवस हे ऐकत आलो होतो, पण लिहायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो सांगे, इथं अमुक शिजतं, तिथं अमुक वाढतात, खिडकीत अमुक दिसतं. खाल्लं असं तो एकदाही म्हणाला नाही. इतक्या वर्षांत कधीच म्हणाला नव्हता. तसं आम्हीच धरून चाललो होतो.

शांताच्या लक्षात ते आलं की नाही ठाऊक नाही. तिने सहज विचारलं, "मामा, ह्या हाटेलात आपल्याला बसू देतेत का?"

मामा उठला. त्याने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पाणी मारलं, पुन्हा येऊन बसला. मग त्याने जे सांगितलं ते सलग सांगितलं, मध्ये कुठेही आवाज न चढवता.

तिथे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरने सरकारांचं तिखट-मसाला बंद केला. घरमालकिणीच्या ओळखीची एक इंग्रज स्वयंपाकीण आली आणि चुलीपाशी उभी राहिली. बावर्ची म्हणून नेलेल्या हैबतीला काही कामच उरलं नाही. मुदपाकखान्यात तो गेला की ती बाई नाक दाबायची. खानसाम्याला सरकारांजवळ काम होतं, हैबतीला नव्हतं. सकाळी बाहेर पडायचं आणि अंधार पडायच्या आत यायचं, एवढाच हुकूम. पहिल्या आठवड्यात तो त्या चहाच्या दुकानात शिरला. डोक्याला पटका, हातात पैसे. टेबलाशी बसला. एक पोरगी आली आणि काहीतरी बोलली. त्याला एक अक्षर समजलं नाही.

"बोट समजलं," मामा म्हणाला. "बोट दाराकडं व्हतं. टेबलाखाली एक कुत्रं बसलं व्हतं, ते बसूनच ऱ्हायलं."

त्यानंतर तो कुठल्याही दारातून आत गेला नाही. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून काचेतून बघायचा आणि वास घ्यायचा. नऊ महिने. आम्ही ज्यांना थापा म्हणून हसलो त्या सगळ्या या उभ्याने केलेल्या तपासण्या होत्या. आत जे शिजत होतं ते त्याच्या लायकीचं नव्हतं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. त्याला दुसरं काही ठरवणं शक्यच नव्हतं. आणि एवढं होऊनही त्याचे निकाल बरोबर होते, असं मला आजही वाटतं.

मी लिहिणं थांबवलं होतं. शांताने विचारलं, मग कुठं जेवू मामा?

तेव्हा त्याने एक जागा सांगितली जी आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. काळ्या खोपट्यांच्या मागे, होड्या ओढून ठेवतात तिथे, एक कोळीण म्हातारी बसायची. होडीवरच्या माणसांना चहा आणि मासळीचं कालवण द्यायची. एके दिवशी वारा फार होता आणि हा खोपटीच्या आडोशाला उभा होता. तिने पाहिलं. एक खोका उलटा केला आणि त्यावर हात आपटला. "बस म्हनली," मामा म्हणाला. कालवणात बटाटे होते, मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा गेला आणि तिचे बटाटे सोलायला बसला. मग रोज. तिला याचं नाव उच्चारता येत नव्हतं, याने तिचं कधी विचारलं नाही. निघायच्या आधी त्याने तिला एकदा मिरची घालून कालवण करून दिलं. होडीवाल्यांचे डोळे गळायला लागले, पण पातेलं रिकामं झालं.

"तिथं जा," तो शांताला म्हणाला. "बाकी गाव बेकार हाय."

मग त्याला पुन्हा आपला मूळचा सूर सापडला. पोरीला काही रांधता येतं का, असं त्याने मलाच विचारलं, ती समोर असताना. येत असेल तर किती, ते तिचे हात बघूनच दिसतंय म्हणाला. जायच्या आदल्या दिवशी त्याने तिला येसराची मोठी पुडी बांधून दिली. धान्य, डाळी, धने, मिरच्या, मसाले भाजून दळलेलं हे पीठ आमच्याकडे घरोघर असतं. पाण्यात घालून उकळलं की आमटी होते आणि वर्षभर टिकतं. तो म्हणाला, पानी उकळ, हे घाल, मीठ आत घाल, वरून घातलंस तर मला तोंड दावू नको.

शांता गेली. चार महिन्यांनी तिचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. मामाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी शेडमध्ये जाऊन ते वाचून दाखवलं. ती यादी घेऊन गावभर फिरली होती. मोठ्या हॉटेलाची काचेची पडवी आहे. चहाचं दुकान आहे, तिथे ती दुसऱ्या नर्सबरोबर जाऊन बसली, कोणी काही म्हटलं नाही, केक बरा होता. तळलेला मासा तिला आवडला, सिरक्यासकट. इथे मामाने जमिनीकडे पाहिलं आणि पोरगी कामातून गेली असं जाहीर केलं. काळ्या खोपट्या आहेत, होड्या आहेत. म्हातारी मात्र नाही. लढाईत तिकडे बॉम्ब पडले होते, कडेच्या काही टपऱ्या तेव्हा काढून टाकल्या. तिने दोघा-तिघा कोळ्यांना विचारलं, पण नाव माहीत नसल्यामुळे कोणाला सांगता आलं नाही.

मी वाचून पत्राची घडी केली. मामा बराच वेळ पातेलं घासत होता.

"इच्यारायला कोन सांगितलं व्हतं तिला," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "नाव कामून इच्यारलं न्हाई म्या?"

मी पत्र पाकिटात घातलं.

पावसाळ्यानंतर शेड काढायचा शेवटचा कागद आला. मी हेडमास्तरांकडे गेलो, भूगोलाचं ते पुस्तक बरोबर नेलं, चित्र उघडून टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, सुंदर छपाई आहे. साहेबांची तोवर बदली झालेली होती. त्यांना किनारा आठवतही नसेल. माझं धैर्य हे असं, सगळं आटोपल्यावर पोचणारं. मामाने कागद आला त्याच दिवशी चुली आपल्या हाताने मोडल्या. बाकं जिनिंगच्या हमालांना देऊन टाकली. पातेलं डोक्यावर घेतलं आणि जिंतूरच्या मोटारीत बसून निघून गेला. आमच्यापैकी कोणालाही त्याने सांगितलं नाही. आम्ही दुपारी जेवायला गेलो तर भिंतीवर काळे डाग आणि समोर मोकळी जागा होती. एक मास्तर म्हणाला, सुटलो, रोज शिव्या खायच्या. आणि लगेच, आता जेवायचं कुठं?

दीड वर्षाने जिंतूर तालुक्यात मला जनगणनेच्या कामावर धाडलं होतं. टेकड्यांमधून एका वस्तीकडून दुसऱ्या वस्तीकडे पायी जात होतो. भर दुपार. उतारावर मेंढ्या चरत होत्या आणि एका खडकाच्या सावलीला हैबतीमामा बसला होता. खांद्यावर घोंगडी, दाढी वाढलेली. पुढ्यात फडक्यावर भाकरी आणि ठेचा. त्याने मला लांबूनच ओळखलं होतं, पण मी पुढे जाऊन नमस्कार करेपर्यंत तसं दाखवलं नाही.

त्याने अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. आम्ही जेवायला लागलो. शाळेचं, परभणीचं त्याने काही विचारलं नाही. मी आपणहून शांताचं सांगितलं. तिची तिथे आता कायमची नोकरी झाली होती. अलीकडच्या पत्रात तिने लिहिलं होतं की तिला एक खोली मिळालीय आणि रविवारी घरमालकीण तिला चूल वापरू देते. येसराची आमटी केली होती. वासाने वरच्या मजल्यावरच्या दोन नर्सा खाली आल्या, मग घरमालकीणही आली.

"खाल्ली त्यांनी?"

खाल्ली, मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी आलं म्हणे, तरी दुसऱ्यांदा मागितली.

मामा घास हातात धरून थांबला. "कशी खाल्ली? उभ्यानं का बसून?"

मी आठवून सांगितलं. तिने लिहिलं होतं ते असं की टेबल लहान होतं, म्हणून खुर्च्या वरच्या मजल्यावरून आणल्या, आणि चौघी बसल्या.

त्याने घास तोंडात घातला, सावकाश चावला, फडकं झटकून कमरेला खोचलं. मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली, आणि त्याच्या चेहऱ्यावर परभणीच्या शेडमधला तो जुना तिरस्कार सबंध परत आला.

"असल्या चपला घालून डोंगर चढतेत व्हय, मास्तर?" तो म्हणाला. "खालच्या वाटंनं जा. न्हाईतर पडताल."

मी उठलो. थोडं खाली उतरून मागे पाहिलं. एक मेंढी लंगडत मागे राहिली होती. तो तिच्यापाशी गेला, गुडघ्यावर बसून तिचा खूर हातात घेतला, काटा काढला, आणि तिला उचलून खांद्यावर टाकलं. मग बाकीच्या मेंढ्यांच्या मागून तो टेकडी चढून पलीकडे गेला.